बर्फातल्या दोन हाका

टँकर एवढ्यात येत नाही. ड्रायव्हर फोन उचलत नाही म्हणजे तो कुठल्यातरी ढाब्यावर जेवायला बसलाय, आणि तो एकदा बसला की लवकर उठत नाही. घागरी लावा रांगेत आणि या इकडं कट्ट्यावर. मोबाइलचे ते उजेड आधी बंद करा. तोंडावर उजेड पाडून घेतला की माणूस ऐकत नाही, नुसता बसतो.

भुताची सांगा म्हणता. भुताची मला येत नाही, मी झालेली सांगतो. ज्याच्या बाबतीत झाली तो माणूस अजून जिवंत आहे, लातूरला लेकीकडं असतो. ते भूत होतं का आणखी काही, हे तुम्ही ठरवा. तुम्ही कॉलेजात जाता, मी दूध संस्थेची गाडी हाकण्यात जन्म काढला.

फौजी भारत. विहाराच्या मागं निळ्या दाराचं घर आहे ना, ते त्याचं. पेन्शन घेऊन गावात आला तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर असेल. काटक माणूस, बोलायला कमी. त्याची एक खोड सगळ्या गावाला माहीत होती. तीन हाका मारल्याशिवाय तो ओ द्यायचा नाही. भर दुपार असो, समोर बसलेला असो. एकदा 'भारत' म्हटलं तर मान वर करायचा नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तर डोळे जमिनीला लावायचा. तिसऱ्यांदा म्हटलं की मग, "ओ, काय म्हंता?" आम्ही चेष्टा करायचो. तोफांनी कान नेले म्हणायचो, ह्याला चहा पाजायचा तर आधी आपलाच घसा कोरडा म्हणायचो. तो हसायचा नाही.

तीन हाकांचं तुम्ही घरी ऐकलं असेल. रात्री कुणी नाव घेऊन बोलावलं तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा बोलावतो. ते दुसरं काही असेल तर दोनावर थांबतं. अन् दोनावर तुम्ही ओ दिली की संपलं, गेलात त्याच्या मागं. आमच्या बापांनी छप्पन साली देव सोडले, अंगारे-धुपारे सोडले, सगळं सोडलं. विहारात आम्हीच सांगतो की भूत नसतं. पण घरी जाऊन अंधारात हाक आली की तिसरीची वाट बघतोच. खोटं वाटत असेल तर आपापल्या आज्यांना विचारा.

तर तो दुष्काळ. २०१३ चा. आज आपण टँकरला नावं ठेवतो, पण त्या साली टँकर भरायलाच पाणी नव्हतं. पाण्यावाचून परळीचं वीजकेंद्र बंद पडलेलं. रात्री तिकडं आभाळात जो उजेड दिसायचा तोही नव्हता. आपल्या दूध संस्थेनं माळावर गुरांची छावणी घातली होती आणि भारत तिथं राखणीला होता. मी पहाटे दूध न्यायचो म्हणून रात्री तिथंच गाडीत झोपायचो.

एप्रिलातली चोवीस तारीख, बुधवारची रात्र. दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती, म्हणजे चांदणं जवळजवळ पुनवेचं. उसाचे वाढे आणणारा ट्रक आला नाही आणि छावणीत वैरण संपली. उपाशी गुरं रात्री कसा आवाज करतात ते तुम्ही ऐकलं नाही, बरंच आहे. तेव्हा असं ठरलं की भारतनं ट्रॅक्टर घेऊन साखर कारखान्यावर जायचं आणि बगॅस भरून आणायचा. बगॅस म्हणजे उसाचा चोथा. मळी मिसळून दिला तर गुरं खातात, निदान पोट भरल्यासारखं होतं. दिवसा ट्रॉल्यांची रांग लागायची, म्हणून रात्री. कारखाना कोणता ते विचारू नका, सहकारी होता एवढं पुरे.

सोबत धुळाजी गेला. खालच्या वाडीचा, गुरंढोरंवाला माणूस. त्याच्या पाच गायी छावणीत होत्या आणि त्यातली एक बसलेली उठत नव्हती. धुळाजीच्या तोंडाला टाळं नव्हतं. भारत जितका गप्प, तितका हा बोलका. दोघं ट्रॅक्टरवर बसून निघाले तेव्हा मी पाहिलं, धुळाजी एकटाच बोलत होता.

आता पुढचं सांगायच्या आधी मागचं एक सांगावं लागेल. भारतनं मला ते दुसऱ्या दिवशी सांगितलं, पण तुम्हाला आताच सांगतो.

दगडाबाई माहीत आहे. तिचा लेक शहादेव. भारत आणि शहादेव एका गल्लीतले, एका ताटात जेवलेले, एकाच भरतीत धावले आणि नशिबानं एकाच तुकडीत पडले. काश्मीरात, वर डोंगरात, एका चौकीवर. जानेवारी महिना. भारत सांगायचा, बर्फ म्हणजे एक ढीग नसतो, त्यात थर असतात. एक पडतो, त्याच्यावर ऊन लागतं, रात्री गोठून गुळगुळीत होतो. त्याच्यावर दुसरा पडला तर तो नुसता बसतो, धरत नाही. वारा आणखी आणून त्याच्यावर साचवतो. वरून बघावं तर सगळं शांत, आणि खाली कशालाच काही धरलेलं नाही. पाय पडला की धप्प असा आवाज होतो, आख्खा उतार बसल्यासारखा. तो आवाज झाला की डोंगर निघाला म्हणायचं.

त्यांच्या उस्तादानं त्यांना शिकवलं होतं. उतार एकेकानं ओलांडायचा. कुणी दबला तर मदत आणायला पळायचं नाही, आधी उकरायचं, कारण पाव तास गेला की माणूस हाती लागत नाही. आणि उस्ताद आणखी एक सांगायचा. आत दबलेल्याला वरचं ऐकू येतं, बोलणं, पावलं, सगळं. पण आतला कितीही ओरडला तरी वर ऐकू येत नाही. बर्फ आवाज आत घेतो, बाहेर देत नाही.

त्या संध्याकाळी पाच जण एक घळ ओलांडत होते. चौथा शहादेव, शेवटचा भारत. तिघं पलीकडं पोचले. शहादेव मधोमध असताना धप्प झालं. भारत म्हणाला, शहादेवनं वळून माझ्याकडं बघितलं, आणि मग तो तिथं नव्हता.

पलीकडचे तिकडून शोधत होते, काठ्या खुपसत. अलीकडं भारत एकटा. अंधार पडला, वरून बर्फ पडतच होता. अशात त्याला मागून, डावीकडून, जिथं कुणीच शोधत नव्हतं तिथून हाक आली.

"भारत..."

शहादेवचा आवाज. भारत उभा राहिला. परत आली.

"भारत..."

तो तिसरीची वाट बघत राहिला. तिसरी आली नाही.

तुम्ही म्हणाल, मूर्ख होता. पण बघा, उस्ताद म्हणतो आतल्याचा आवाज वर येत नाही. घरचे म्हणतात दोनावर थांबली ती माणसाची नाही. फौजेनं शिकवलेलं आणि गावानं शिकवलेलं, दोन्ही एकच सांगत होतं. भारतनं ओ दिली नाही. तो परत सगळे शोधत होते तिकडंच काठी खुपसू लागला. सकाळी शहादेव सापडला. डावीकडं, हाक आली होती तिथंच, हातभर बर्फाखाली. तोंडापुढं श्वासानं झालेली पोकळी होती. म्हणजे बराच वेळ जिवंत होता.

पेटी गावात आली तेव्हा दगडाबाईनं भारतला एकच विचारलं, "मरताना काई बोलला का रे माजा लेक?" भारत म्हणाला, "न्हाई मावशी. बोलायला येळच न्हाई भेटला." पुढं दर सुट्टीला ती हेच विचारायची आणि तो हेच सांगायचा. आणि दर थंडीत, तो कुठंही झोपलेला असो, रात्री त्याला दोन हाका यायच्या. तो तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहायचा. ओ दिली आणि ते भूत असलं तर आपण गेलो. भूत नसलं, तर त्या रात्री आपण जित्या माणसाला मरू दिलं. दोन्हीतलं कुठलंच कळू नये म्हणून तो ओ देत नव्हता. पुढं पुढं कुठली हाक कुणाची हेच त्याला समजेना, म्हणून दिवसासुद्धा तीन.

कळलं ना आता? पुढं ऐका.

साडेअकराच्या सुमाराला ते कारखान्यावर पोचले. गळीत हंगाम फेब्रुवारीतच आटोपलेला, सगळा कारखाना अंधारात. फाटकावर राधाकिशन वॉचमन होता. त्यानं फाटक उघडलं आणि परत बाजेवर जाऊन पडला. बगॅसचा ढीग तिथून बराच लांब, मागच्या मोकळ्या जागेत. तीन मजली घराएवढा. चांदण्यात पांढरा दिसत होता.

भारतनं ट्रॅक्टर लांबच उभा केला, दिवे ढिगावर टाकले आणि खाली उतरून बघत राहिला. आग लागू नये म्हणून ढिगावर वरून पाणी मारलेलं होतं, ते उन्हानं वाळून वर कडक पापुद्रा झालेला. आतला माल कोरडा, भुसभुशीत. आणि महिनाभर जो तो येऊन खालून उकरून नेत होता, त्यामुळं खाली कपार पडलेली आणि वरचा कडा नुसता पुढं आलेला.

"ह्याच्या बुडाला जायाचं न्हाई," भारत म्हणाला. "कडंकडंनं भरू."

"कावून?"

"वरचं कडक, आतलं मोकळं. कवाबी बसंल. बर्फाचं असंच असतंय."

"फौजी, ह्यो भुसा हाय बे. हिमालय न्हाई."

"जायाचं न्हाई म्हनलं ना."

कडेकडेनं भरायला लागले. पण कडेचा माल ओलसर निघाला, बुरशीचा वास येणारा. धुळाजीनं मूठभर हातात घेतला, नाकाशी नेला. "हे खाऊन गाय फुगंल माजी. आधीच बसलीय ती." भारत ट्रॉलीत उभा राहून माल पसरत होता. त्यानं पाठ फिरवली तेवढ्यात हा बुडाला गेला, कोरडा घ्यायला.

धप्प.

फार मोठा नाही आवाज. गोणी टाकावी एवढाच. पण भारतच्या पायातून गेला तो. तो वळला. ढीग खाली येत होता. आवाज न करता. नुसती धूळ. दिव्यांच्या उजेडात पांढरी धूळ.

मग सगळं थांबलं.

"धुळाजी."

काही नाही.

फाटक लांब. राधाकिशन झोपलेला. पळालो तर पाव तास जाईल. भारत पळाला नाही. धुळाजी दिसला होता त्या जागेवर गेला आणि फावड्यानं उपसू लागला. एक फावडं काढलं की दोन फावडी वरून येत. उस्तादाचं आठवलं. थांबायचं. ऐकायचं. त्यानं ट्रॅक्टर बंद केला.

शांत.

एप्रिलची रात्र, बनियन घामानं चिकटलेलं. आणि अंगावर काटा यायला लागला. गारठा होता. जमिनीलगतचा, पायातून वर येणारा गारठा. तो त्याला ओळखीचा होता.

डावीकडून हाक आली.

"भारत..."

तो उकरत होता तिथून नाही. डावीकडून. जिथं कुणी नव्हतं.

तो हलला नाही. धुळाजी असेल? पण धुळाजी त्याला फौजी म्हणायचा. नावानं कधीच नाही.

"भारत..."

शहादेवचा आवाज. तसाच. दम लागल्यासारखा.

दोन झाल्या...

तो उभा होता. हातात फावडं. तोंड उघडत नव्हतं. ओ दिली तर आपण गेलो. नाही दिली तर धुळाजी गेला. घरी त्याची बायको होती, शाळेत जाणारी पोरगी होती. वाट बघत राहिला. सवय होती. तिसरीची.

मला म्हणाला, "नाना, तवा एकदम डोक्यात आलं. शहादेवलाबी म्हाईत व्हतं की मी तिसरीबिगर ओ देनार न्हाई. त्यो माज्याच गल्लीतला. त्यानं तीन मारल्या असत्या. तिसरीला दमच उरला नसंल त्याचा..."

तिसरी यायची नव्हती. त्या रात्रीही आणि या रात्रीही.

भारतनं फावडं टाकलं. डावीकडं तोंड केलं.

"ओ," म्हणाला. "शहादेव. ओ. आलो."

आणि तिकडं पळाला. हातांनी उकरू लागला. बोटांना चोथ्याच्या काड्या लागून रक्त आलं. उकरत होता आणि ओ, ओ, आलो, एवढंच म्हणत होता. हातभर खाली केस लागले. मग कपाळ. धुळाजीला त्यानं काखेत हात घालून ओढला, उलटा केला, तोंडात बोटं घालून चोथा काढला. पाठीत बुक्क्या घातल्या. धुळाजी ओकला. मग खोकला. मग रडायला लागला.

बऱ्याच वेळानं भारत म्हणाला, "बरं झालं हाक मारलीस."

धुळाजीनं थुंकून तोंड मोकळं केलं.

"म्या कुटं मारली? तोंडात भुसा व्हता माज्या. म्या मेलतो."

"मग..."

"हाक म्याबी ऐकली. वरून न्हाई. आतून. माज्या कानापाशी." धुळाजीनं आपलं मनगट छातीशी धरलं होतं. "आत कुनीतरी व्हतं, फौजी. माजा हात धरून व्हतं. लई गार. तू वरून ओ म्हनलास ना, ते आमाला आत ऐकू आलं. मग त्यानं माजा हात सोडला."

"काई बोललं?"

"म्हनलं... 'ऐकू गेलं त्याला.'"

एवढंच. दोघं उठले. ढिगाकडं पाठ करायचीही हिंमत नव्हती, उलटं चालत ट्रॅक्टरपर्यंत आले.

पहाटे मी कॅन चढवत होतो तेव्हा ट्रॅक्टर आला. ट्रॉली अर्धी, भारतच्या हातांना रक्त, आणि धुळाजी गप्प. धुळाजी गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्याचं मनगट मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. तेवढी कातडी पांढरी, मेणासारखी, टणक. बाकी हात चांगला. दूध तसंच ठेवलं आणि त्याला गाडीत घालून अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टर होता. त्यानं बघितलं, दाबलं, परत बघितलं आणि विचारलं, "बर्फाच्या कारखान्यात काम करता का?" धुळाजी म्हणाला, न्हाई साहेब, गुरं राखतो. डॉक्टर म्हणाला, ही थंडीनं जळलेली कातडी आहे, ही आपल्याकडं होत नाही. भारत भिंतीला टेकून उभा होता. तो खाली बसला. वाटेत रसाच्या गाड्यापाशी थांबलो तेव्हा त्यानं मला हे सगळं सांगितलं.

त्याच दिवशी संध्याकाळी तो दगडाबाईकडं गेला. मला सोबत चल म्हणाला, एकट्यानं जाववत नव्हतं. ती ओट्यावर डाळ निवडत बसली होती. तो समोर मातीत बसला आणि म्हणाला, "मावशी, तुमी इचारायच्या ना, काई बोलला का. बोलला व्हता. मला हाक मारली व्हती त्यानं. दोनदा. म्या ओ दिली न्हाई. म्या खोटं सांगत आलो तुमाला."

मला वाटलं ती आता ताट फेकून मारील. मारलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. ती डाळीत बोटं फिरवत राहिली.

"दोनदा मारली म्हनून न्हाई दिली?" तिनं विचारलं.

"व्हय."

"ते म्याच शिकवलं व्हतं तुमा दोगांला. माळवदावर झोपायचात तवा. तिसरीबिगर ओ द्याची न्हाई म्हनून कान धरून वदवून घेतलं व्हतं."

मग ती रडली. भारतही रडला. आणि मी इथं का आलो असं मला झालं.

त्या दिवसापासून भारत पहिल्या हाकेला ओ द्यायला लागला. गावाला वाटलं, दवाखान्यात कान साफ करून घेतले. थंडीतल्या हाका परत आल्या नाहीत. उन्हाळ्यातही नाहीत. तो ओ देऊनही मेला नाही, हे तुम्हाला सांगितलंच.

दगडाबाईनं आठवडाभरानं धुळाजीला बोलावून घेतलं. जखम बघायची म्हणाली. मे महिन्यातली दुपार, पत्रा तापलेला, रांजणात तांब्याभर पाणी. त्यानं पट्टी सोडली. त्या पाच बोटांच्या खुणांवर पाणी आलेलं. घाम नव्हे तो, बाकी हात कोरडा ठणठणीत होता. गार माठाला बाहेरून येतात तसे बारीक थेंब, नुसते त्या खुणांवर. तिनं पदर घेतला आणि पुसले. हळूच, लेकराचं तोंड पुसावं तसे. ती बघत राहिली, आणि आमच्यादेखत परत आले.

ती जखम भरून आता दहा वर्षं होऊन गेली. कातडी सपाट झाली, खुणा राहिल्या. दगडाबाईला डोळ्यांनी दिसत नाही, तरी धुळाजी दर उन्हाळ्यात एकदा तिच्याकडं येतो आणि ओट्यावर हात पुढं करून बसतो. परवाच येऊन गेला. एवढा दुष्काळ, सगळं रान वाळून कोळसा झालेलं... आणि तिचा पदर ओला झाला होता.